सरकारच्या मानेवरचे थेंब

लाँड्री एकच होती, पण तिच्या मधोमध प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन जावा होत्या. या बाजूला थोरली कपडे धुवायची, त्या बाजूला धाकटी इस्त्री आणि रफू करायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ही काही दोन दिवसांची रुसारुशी नव्हती. प्लायवूडला पोपडे सुटायला लागले होते, इतकी ती जुनी होती.

आता धुतलेला कपडा इस्त्रीला जाणारच, त्याला कोण काय करणार? मग गिऱ्हाईकच थोरलीच्या काउंटरवरून आपला गठ्ठा उचलायचं, फुटपाथवरून वळसा घालून धाकटीच्या काउंटरवर ठेवायचं आणि जाता जाता निरोपही पोचवायचं. "तिकडे सांगा, कॉलर करपवू नका." तिकडून उत्तर यायचं, "त्यांना म्हणावं, आधी डाग काढायला शिका." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानं दोन आहेत. जुन्यांना सगळं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात गंमतही वाटायची. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

थोरलीच्या रागाला कारण होतं आणि ते तिने लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं. तिचा नवरा गेला त्या दिवशी, त्याला घेऊन माणसं रस्त्यावरून निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत धाकटी कुणाच्या तरी कोटावर इस्त्री फिरवत होती. कोटातून वाफ निघत होती. लोकांनी पुढे काय काय सांत्वन केलं, कोण रडलं, कोण जेवायला थांबलं, यातलं थोरलीला काहीही आठवत नव्हतं. ती वाफ तेवढी आठवत होती. मग तिने सुतार बोलावला, भिंत घातली आणि मनाशी ठरवलं की मेले तरी हिच्याशी आधी तोंड उघडणार नाही, आणि एक ना एक दिवस हिला सगळ्या बाजारासमोर खाली मान घालायला लावेन.

मधल्यामध्ये धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, स्कूटरवरून कपडे घरोघर पोचवायचा आणि दोन्हीकडे चहा प्यायचा. दोन्हीकडे 'तुझंच बरोबर आहे' म्हणायचा. असल्या माणसावर रागवावं तरी किती!

सुताराने घाईत काम केलं होतं. प्लायवूडमधली एक गाठ निसटून पडली आणि तिथे डोळा लावता येईल एवढी फट राहिली. थोरलीने ती बुजवली नाही. उलट आपलं स्टूल बरोबर तिच्याशी आणून ठेवलं. दुपारी काम ओसरलं की ती स्टुलावर बसायची आणि धाकटीचं चाललेलं पाहायची. धाकटी कुठे चुकते, कुणाशी हसते, कुणाचा शर्ट करपवते. आपल्याला कुणी पाहतंय याचा धाकटीला पत्ता नाही, या विचाराने थोरलीचा दिवस बरा जायचा.

आणि मग मांजर आलं. कुठल्या तरी छपरावरून उतरलं आणि भिंतीच्या वरच्या कडेवर येऊन बसलं. पिवळं, एक कान दुमडलेला, तोऱ्यात. थोरलीने त्याला 'सरकार' म्हणायला सुरुवात केली, कारण ते काम काही करायचं नाही आणि खायला मात्र वेळेवर मागायचं. तिकडे धाकटी त्याला 'बटण' म्हणायची. इकडे दूध पिऊन ते भिंतीवरून तिकडे उडी मारायचं, तिकडे मासा खाऊन इकडे यायचं आणि थोरलीच्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर पसरायचं. नवरा गेल्यापासून थोरली कुणाशी मनातलं बोलली असेल तर त्या मांजराशी. कुणीही विचारलं तर ती सांगायची, "माझं आहे." तिकडे विचारलं तर धाकटीही तेच सांगायची. मांजराला कुणी विचारलं नाही.

एके दिवशी शाळेतल्या गणिताच्या बाई ब्लँकेट घेऊन थोरलीच्या काउंटरवर आल्या. रागाने लाल झालेल्या.

"हे काय दिलंत मला? रात्रभर मुलगी खाजवत होती. यात पिसवा आहेत, पिसवा! लाँड्रीतून पिसवा घरी नेणारी मी पहिलीच असेन."

आजवर थोरलीच्या धुण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिने आवाज चढवून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "बाई, तिकडे सांगा. घाण तिकडूनच येते."

गणिताच्या बाई गेल्या आणि ब्लँकेट तसंच घेऊन परत आल्या. "त्या म्हणतात, मांजर लोळतं ते तुमच्या गाठोड्यावर. आणि आता मी तिसऱ्यांदा फेरी मारणार नाही."

सरकारला उचलून थोरलीने पोटावरचे केस बाजूला सारले. आत काळे बारीक कण होते आणि एक पिसू डोळ्यांदेखत पळाली. दीर चहाला आला तेव्हा त्याने खिशातून एक बाटली काढली. "माझ्या मित्राच्या कुत्र्याचं औषध उरलंय, वहिनी. वासराएवढा कुत्रा आहे, त्याला काही होत नाही. याला निम्मं घाला, संपलं काम." नंतर थोरलीने फटीतून पाहिलं तर तो बायकोलाही तीच बाटली दाखवत होता, आणि धाकटी मान हलवून नाही म्हणत होती. नाहीच म्हणणार, थोरलीला वाटलं, हिला त्या जिवाची पर्वा कुठे आहे!

ती स्वतः मात्र लगेच उठली. कपड्यांच्या टोपलीत सरकारला घातलं, वर टॉवेल बांधला, ती बाटली पिशवीत टाकली आणि रस्त्याच्या टोकाला जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या त्यांच्याकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे घातलं नाहीत ना?"

"नाही. म्हणून तर विचारायला आणलं."

"वाचलात. कुत्र्याच्या अशा काही औषधांत जे असतं, त्याने मांजर मरू शकतं. निम्मं घालून भागत नाही. ही आता घरी नेऊ नका, मी टाकते." त्यांनी सरकारला वजनकाट्यावर ठेवलं, पोट चाचपलं, दुमडलेला कान उलटून पाहिला. मग खुर्ची पुढे ओढली. "मी देणार ते औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि ते वजनाप्रमाणे असतं. पण त्याआधी मला खरं सांगायचं. याला कधी झटके आलेत? फिट?"

"कध्धी नाही."

"दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही."

"हे आणखी कुणाकडे जातं का? बाहेर हिंडणारं मांजर दिसतंय. दुसरं कुणी याला खायला देतं, औषध घालतं, असं काही?"

आता एवढं साधं उत्तर होतं. 'भिंतीपलीकडे जाऊ आहे, तिच्याकडेही जातं' असं म्हटलं की झालं. पण ते म्हणायला थोरलीची जीभ वळेना. तिच्या दृष्टीने ते अर्धं मांजर देऊन टाकल्यासारखं होतं. कोट आठवला, वाफ आठवली.

"छे!" ती म्हणाली. "माझं एकटीचं आहे. दुसऱ्या कुणाचा संबंध काय?"

डॉक्टरीणबाईंनी मानेच्या वरच्या भागाचे केस दोन बोटांनी दुभंगले, जिथे मांजराची जीभ पोचत नाही अशा जागी, आणि एका छोट्याशा नळीतलं औषध थेट कातडीवर सोडलं. खोकं थोरलीच्या हातात दिलं. "हे जपून ठेवा. मी सांगेपर्यंत पिसवांचं दुसरं कुठलंही औषध घालायचं नाही. थेंब नाही, गोळी नाही, पावडर नाही. आणि ते लडखडायला लागलं, लाळ गाळायला लागलं, थरथरलं, तर एक मिनिट न थांबता घेऊन यायचं."

थोरली टोपली घेऊन परत निघाली तेव्हा तिची मान ताठ होती. आपण आपल्या मांजरासाठी जे करायचं ते केलं. तिकडचीने काय केलं? काही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका रिकाम्या दुपारी, ती नेहमीप्रमाणे स्टुलावर बसली आणि तिने फटीला डोळा लावला.

धाकटी इस्त्रीच्या टेबलावर नव्हती. खाली, भिंतीशी, बरोबर फटीसमोर पाट टाकून बसली होती. मांडीवर सरकार डोळे मिटून पडलं होतं. धाकटीने एक छोटं खोकं उघडलं, त्यातून एक नळी काढली, बोटाच्या पेराएवढी, आणि ती हातात धरून बसून राहिली. एका हाताने तिने मांजराच्या मानेवरचे केस दुभंगले, आणि पुन्हा सोडले. पुन्हा दुभंगले. नळीचं टोपण काढलं. मग पुन्हा थांबली.

'घालू नकोस! घातलंय मी!' एवढंच थोरलीला म्हणायचं होतं. तोंड प्लायवूडपासून बोटभर लांब होतं. ओरडायचीही गरज नव्हती, नुसतं म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. शब्द ओठांवर आलेही.

आणि तिथेच तिने ते अडवले. बोलायचं? हिच्याशी? आधी मी? इतकी वर्षं दातांखाली धरलेला शब्द हिच्यासाठी सोडायचा? मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा गोड होता. घालू दे. घाल बाई, घाल. डॉक्टरीणबाईंनी मना केलेलं आहे. जरा लडखडेल, जरा लाळ गाळेल, मी ताबडतोब उचलून नेईन, ते बरं होईल. आणि मग अख्ख्या बाजाराला कळेल की कुणी घातलं. हिने मुक्या जनावराला विष घातलं म्हणतील लोक. तेव्हा ही कुठे तोंड लपवते ते मी याच फटीतून पाहीन.

धाकटीने नळी दाबली. थेंब केसांच्या मुळाशी उतरले. तिने रिकामी नळी खोक्यात घातली, खोकं फळीवर ठेवलं आणि मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला. थोरली फटीपासून मागे सरली. ती हसत होती.

त्या संध्याकाळी सरकार नेहमीसारखं भिंतीवरून उतरलं, नेहमीसारखं दूध प्यालं आणि गाठोड्यावर पसरलं. थोरलीने त्याला चालवून पाहिलं. नीट चालत होतं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच, लपवण्यात काय अर्थ आहे, थोडी निराशाही वाटली. दुसऱ्या दिवशीही ते ठणठणीत होतं. तिने मनातल्या मनात बाजारात म्हणायची वाक्यं घोळवून ठेवली होती, ती वाया जातात की काय असं तिला वाटायला लागलं. सूड डोक्यात शिरला की माणूस असा होतो. ज्याच्यावर जीव टाकायचा, त्याच्याच आजाराची वाट पाहतो.

मग ते झालं. भर दुपारी, गणिताच्या बाई काउंटरशी उभ्या असताना, सरकार गाठोड्यावरून खाली पडलं. उडी नाही मारली, पडलं. चारही पाय ताठ झाले, जबडा आवळला, तोंडातून फेस आला आणि अंग असं हिसके द्यायला लागलं की त्याच्या नखांनी फरशीवर टकटक आवाज येत होता. थोरलीने गेले काही दिवस डोळ्यांपुढे आणलेलं चित्र यातलं कुठलंच नव्हतं. ती खाली बसली, हात पुढे केला आणि मागे घेतला. धरावं कुठे तेच कळेना.

"बघताय काय, उचला!" गणिताच्या बाई ओरडल्या. आपलं तेच ब्लँकेट त्यांनी पुढे केलं.

थोरलीने सरकारला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि ती धावत सुटली. धावता धावताही, आणि हे तिचं तिलाच पुढे आठवून चटका लागायचा, ती वाक्यं मात्र विसरली नाही. चप्पलवाल्यासमोर, चहाच्या टपरीसमोर, सायकलवाल्यासमोर ती ओरडत गेली, "माझ्या जावेने विष घातलं! बघा हो, मुक्या जनावराला विष घातलं हिने!" माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. इतकी वर्षं वाट पाहिलेला क्षण हाच होता. आणि तिला तो नीट पाहताही आला नाही, कारण ब्लँकेटमधलं अंग थडथडत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मांजर टेबलावर घेतलं, इंजेक्शन भरलं. "काय झालं? माझं औषध सोडून दुसरं काही गेलंय का अंगावर?"

"हो. जावेने घातलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

"काय घातलं?"

"कुत्र्याचं औषध."

हे खोटं होतं. तिने पाहिली होती ती एवढीशी नळी, आणि तसलीच नळी तिने याच टेबलावर पाहिली होती. दिराची बाटली तर केव्हाच इथल्या कचऱ्यात गेली होती. पण इतकी वर्षं शिजत ठेवलेला सूड वाढायची वेळ आली तेव्हा त्यात चिमूटभर जास्त घालायला तिचा हात थांबला नाही.

डॉक्टरीणबाईंचा हात मात्र थांबला. "नक्की? कुत्र्याचं असेल तर मी वेगळ्या वाटेने जाईन. तुम्ही चुकीचं सांगितलंत तर ते याच्या जिवावर बेतेल. नीट आठवून सांगा."

थोरलीने टेबलाकडे पाहिलं. सरकारचा दुमडलेला कान थरथरत होता. तरीही ती "हो" म्हणून बसली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

धाकटी आली होती. धापा टाकत, पायांत चपला नाहीत, बोटांत रफूची सुई अजून तशीच. बाजाराने काय काय ऐकवलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. थोरलीकडे तिने पाहिलंही नाही. खोकं टेबलावर ठेवलं.

"हे घातलंय मी, डॉक्टर. नाक्यापलीकडच्या डॉक्टरांनी दिलेलं. वजन करून दिलंय. याला लहानपणी एकदा अशीच फिट आली होती, माझ्या टेबलाखाली पडलं होतं. ते मी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी हे निवडून दिलं."

डॉक्टरीणबाईंनी खोकं फिरवून वाचलं. मग थोरलीकडे पाहिलं. "हे मांजराचंच आहे. मात्राही बरोबर आहे." त्या इंजेक्शन देऊन मोकळ्या झाल्या आणि मग बोलल्या, आवाज न चढवता. "ज्याला आधी फिट येऊन गेलीय त्याला माझं औषध मी दिलंच नसतं. मी विचारलं होतं. तुम्ही 'कध्धी नाही' म्हणालात."

"मला काय माहीत! मला कुणी सांगितलं?"

"आणि त्यावर हे दुसरं. दोन्हीपैकी कशाने झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण एकावर एक जायला नको होतं. तुम्ही पाहिलंत म्हणता, मग यांना सांगितलं का नाही, की आधीच घातलंय?"

"आम्ही बोलत नाही," थोरली म्हणाली.

स्वतःचं वाक्य तिला स्वतःलाच ऐकू आलं आणि ते इतकं वेडगळ वाटलं की ती आणखी भडकली. वर्षानुवर्षं अडवलेलं एकदम तोंडातून सुटलं, "बोलू कशी हिच्याशी? माझ्या नवऱ्याला नेत होते आणि ही कोटाला इस्त्री करत होती! शटर उघडं ठेवून!"

"भाऊजींनी आदल्या दिवशी त्या माणसाला शब्द दिला होता," धाकटी म्हणाली. "त्याचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. भाऊजींचा शेवटचा शब्द खाली पडू नये म्हणून केला तो कोट. तुम्ही विचारलंत कधी?"

"कोटाचं बाहेर बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघीही बाहेर. मला काम करू द्या."

बाहेर एक लाकडी बाक होता. थोरली एका टोकाला बसली. धाकटी बसली नाही. बोटांतली सुई तिने साडीच्या पदराला टोचून ठेवली आणि पहिल्यांदाच वळून थोरलीकडे पाहिलं.

"जाऊबाई, ती फट आहे ना, तिच्यातून माझ्याकडे उजेड येतो. तुम्ही स्टुलावर बसलात की येत नाही. रोज दुपारी मला कळतं, तुम्ही बसलात."

थोरलीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"डॉक्टरांनी मलाही विचारलं होतं, दुसरं कुणी औषध घातलंय का. मला माहीत नव्हतं. तुम्हाला विचारणार कशी? गिऱ्हाइकाकडून निरोप धाडला असता तर तुम्ही वाकडंच उत्तर दिलं असतं. म्हणून मी उजेड जायची वाट पाहिली. तुम्ही बसलात, मग तुमच्या डोळ्यांसमोर नळी काढली. किती वेळ हातात धरून बसले होते ते पाहिलंत तुम्ही. केस उघडले, सोडले, उघडले, सोडले. म्हटलं, आधी घातलं असेल तर ओरडतील. माझ्यावर ओरडतील, शिव्या देतील, पण ओरडतील. सरकारसाठी तरी ओरडतील." तिने पहिल्यांदाच मांजराला त्या नावाने हाक मारली होती. "तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं, म्हणजे घातलेलं नाही. म्हणून मी घातलं."

थोरलीने मान खाली घातली.

"तुम्ही माझं वाईट चिंताल, ते मी धरूनच चालले होते," धाकटी म्हणाली. "त्याचं चिंताल असं वाटलं नव्हतं." एवढं बोलून ती पाठ फिरवून दाराशी जाऊन उभी राहिली.

सरकार वाचलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं, हिसके थांबल्यावरही बराच काळ पाहिलं, आणि देताना दोघींना समोर उभं करून बजावलं. औषधाचं एकीनेच पाहायचं, एकाच डॉक्टरकडे जायचं, फिट येऊन गेलीय हे दर वेळी सांगायचं, दोन्ही खोकी एका ठिकाणी ठेवायची. आणि मांजर पुढे केलं. दोघींचेही हात पुढे झाले. थोरलीने आपले मागे घेतले.

दुकानात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे की स्टूल उचललं आणि पार मागच्या कोपऱ्यात, साबणाच्या पिंपाजवळ नेऊन ठेवलं. मग ती भिंतीशी उभी राहिली. बाजारात तिने काय ओरडून ठेवलं होतं, ते आता बाजारात फिरत होतं. चप्पलवाला धाकटीच्या काउंटरवरून आपले कपडे परत घेऊन गेल्याचं तिने पाहिलं होतं. 'मी खोटं बोलले' हे त्याला जाऊन सांगायला हवं होतं. सांगेनही, ती मनाशी म्हणाली. पण आधी इथे. तिने घसा साफ केला. हे इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"अगं," ती प्लायवूडला म्हणाली. "बटण तिकडे आहे का?"

पलीकडे इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज आला. उत्तर आलं नाही.

"अगं, मी बोलतेय. जेवलं का ते?"

पुन्हा काही नाही. थोरलीने फटीकडे पाहिलं. फट काळी होती. पलीकडून कापडाचा बोळा घट्ट कोंबून बसवला होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. कोटाच्या आत शिवतात तसल्या काळ्या अस्तराचा तुकडा.

तेवढ्यात फुटपाथवरून गणिताच्या बाई आल्या, हातावर इस्त्री केलेली ब्लँकेटची घडी घेऊन.

"तुमच्यासाठी निरोप आहे," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, सरकार जेवलं. औषधाचं आता त्या करतील. जाऊबाईंनी गप्प बसावं, ते त्यांना चांगलं जमतं." बाई जराशा घुटमळल्या. "मला काही कळलं नाही. उलट काही सांगायचंय का तिकडे?"

थोरलीने तोंड उघडलं. भिंतीपलीकडे इस्त्रीतून वाफ सुटली आणि तिचा फुस्स आवाज झाला.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."